लाखीशच्या राखेची तारीख

आपल्याकडे गावची जमीन दोन नावांनी ओळखली जाते, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुली पेटल्या, मातीच्या भिंती खचल्या, त्याच ढिगावर पुन्हा घरं उठली, की राखेने आणि कुजलेल्या मातीने ती जागा पांढुरकी होते आणि भोवतालच्या शिवारापेक्षा उंच दिसू लागते. घोड नदीकाठच्या इनामगावचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा संसार डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना असाच पांढरीच्या पोटात सापडला. पश्चिम आशियात अशा टेकाडाला ‘तेल’ म्हणतात. हा शब्द अरबीतही आहे आणि हिब्रूतही. तिथे घरं कच्च्या विटांची, पाण्याच्या जागा मोजक्या आणि गावाभोवती तट. त्यामुळे वस्ती आडवी पसरण्याऐवजी उभी वाढत गेली. एकेका टेकाडात दोन-तीन हजार वर्षांचा मुक्काम थरावर थर रचलेला असतो.

असंच एक टेकाड जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, साधारण 40 किलोमीटरवर आहे. समुद्राकाठचं मैदान संपून डोंगर सुरू होण्याआधी जी ठेंगण्या टेकड्यांची पट्टी लागते, तिच्यात. अरबीत त्याचं नाव तेल एद-दुवैर. मराठी बायबलमध्ये या गावाचं नाव लाखीश असं येतं. यहूदाच्या राज्यात जेरुसलेमच्या खालोखाल मोठं नगर हेच. टेकाडाचा सपाट माथा साधारण 18 एकरांचा आहे.

या टेकाडात वरून तिसरा थर जळालेला आहे. कच्च्या विटा आगीने भाजून विटकरी-लाल झालेल्या, जमिनीवर ठेवलेले रांजण जागच्या जागी चेपलेले, आणि त्यावर काही ठिकाणी कमरेच्याही वर चढलेला जळका ढिगारा. हे नगर एकदा पेटलं आणि त्या दिवशी जे जिथे होतं ते तिथेच राहिलं, हे पाहताक्षणी कळतं. कळत नाही ते इतकंच की तो दिवस कोणता. या एका प्रश्नावर अभ्यासकांमध्ये 40 वर्षांहून अधिक काळ वाद चालला. एक पक्ष म्हणत होता इ.स.पू. 597, दुसरा म्हणत होता इ.स.पू. 701. ‘बायबलकालीन पुरातत्त्व’ म्हटलं की लोकांना आधी पुरावा आठवतो, सिद्ध झालं की खोटं ठरलं हे आठवतं. मला मात्र हा वाद कसा सुटला ते सांगायचं आहे, कारण मातीतून तारीख काढण्याचं काम नेमकं कसं चालतं हे त्यात लख्ख दिसतं.

आधी खणण्याची रीत. टेकाडावर दोऱ्या ताणून चौकोन आखतात, बहुधा पाच-पाच मीटरचे. दोन चौकोनांच्या मध्ये शेताच्या बांधासारखी एक पट्टी न खणता सोडतात. चौकोन खाली जातो तशी या बांधाची उभी बाजू उघडी पडते आणि तीत थर दिसतात: पिवळसर चिखल, काळी राख, चुन्याची पांढरी रेघ, पुन्हा चिखल. या उभ्या बाजूला छेद म्हणतात. छेद खुरप्याने तासून साफ करतात, मोजून कागदावर उतरवतात, फोटो घेतात. मातीचा रंग किंवा पोत बदलला की तिला नवा क्रमांक मिळतो, नवी बादली मिळते, बादलीला चिठ्ठी लागते. त्या मातीतून निघालेलं खापर, हाड, कोळसा, जैतुनाची बी, सगळं त्याच चिठ्ठीसोबत राहतं. वस्तू पुन्हा मिळू शकते. ती कुठल्या मातीत, कशाशेजारी होती ही माहिती एकदा हरवली की पुन्हा मिळत नाही. उत्खनन म्हणजे एक पुस्तक वाचता वाचता त्याची पानं जाळत जाणं. म्हणूनच नोंदीचं इतकं महत्त्व.

ही बांध सोडून छेद वाचण्याची पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांनी इंग्लंडात बसवली आणि 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आल्यावर तक्षशिलेला भारतीय विद्यार्थ्यांना शिकवली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कॅथलीन केन्यन यांनी ती 1950 च्या दशकात यरीहोच्या टेकाडावर वापरली. आपल्याकडच्या आणि तिकडच्या खणतीचं हे नातं लक्षात ठेवण्याजोगं आहे. केन्यन पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

थर वाचणं ऐकायला सोपं वाटतं: खालचं जुनं, वरचं नवं. पण माणसं टेकाडावर राहतात तेव्हा ती टेकाडाचा क्रम बिघडवतही असतात. समजा, कुणी धान्यासाठी पेव खणलं. ते त्याच्या काळाच्या जमिनीतून निघून तीन-चारशे वर्षं जुन्या थरात घुसतं. पुढे पेव पडतं, बुजतं, आणि नव्या काळाची खापरं जुन्या थरात जाऊन बसतात. खणणाऱ्याने पेवाची कड ओळखली नाही तर त्याचा पुढचा सगळा हिशेब चुकतो. पायाच्या चरांचं तेच, उंदरांच्या बिळांचं तेच. छेदाकडे तासन्‌तास पाहत बसलेला पुरातत्त्वज्ञ बहुतेक वेळा अशी एखादी कडच शोधत असतो.

थरांचा क्रम लागला तरी त्यातून वर्ष कळत नाही. त्यासाठी खापरं. 1890 मध्ये फ्लिंडर्स पेट्री तेल एल-हेसी या टेकाडावर जेमतेम सहा आठवडे राहिले. ओढ्याने त्या टेकाडाची एक बाजू कापून काढली होती, त्यामुळे थर आयतेच उघडे पडले होते. पेट्रींनी पाहिलं की भांड्यांचे काठ, बुडं, कान आणि रंगकाम थरागणिक बदलत जातं. घागर फुटली की कुणी जपून ठेवत नाही आणि खापर कुजतही नाही. तेव्हा जिथे अमुक घडणीचा काठ, तिथे अमुक काळ, अशी मोजपट्टी तयार करता येईल. पेट्रींना वाटत होतं की आपण लाखीशच खणतो आहोत. टेकाड चुकलं होतं, पण ही रीत बरोबर निघाली आणि आजही त्या प्रदेशातला प्रत्येक खड्डा तिच्यावरच चालतो. खरं लाखीश म्हणजे तेल एद-दुवैर हे विल्यम ऑलब्राइट यांनी 1929 मध्ये सुचवलं आणि आज बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात.

1932 मध्ये पेट्रींच्याच हाताखाली शिकलेले जेम्स लेस्ली स्टार्की यांनी तिथे खणती सुरू केली. पैसा प्रामुख्याने औषधांच्या धंद्यात नाव कमावलेल्या हेन्री वेलकम यांचा होता, मजूर आसपासच्या अरब गावांतले. तीन वर्षांनी, 1935 मध्ये, वेशीच्या बाहेरच्या आणि आतल्या दरवाजांमधल्या पहाऱ्याच्या खोलीत राखेत शाईने लिहिलेली 18 खापरं मिळाली. 1938 मध्ये आणखी तीन. कागद नव्हता, पपायरस महाग. फुटक्या भांड्याचा तुकडा फुकट. त्या काळी घाईचा निरोप खापरावर लिहीत.

यातलं चौथ्या क्रमांकाचं खापर जगभर प्रसिद्ध झालं. ते लिहिणारा कुठल्यातरी चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला कळवतो आहे: आम्ही लाखीशच्या जाळाच्या खुणांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. अजेका हे नगर लाखीशपासून साधारण 18 किलोमीटरवर. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातला एक उल्लेख सांगतो की बाबेलच्या राजाची फौज आली तेव्हा यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. दोन्ही एकत्र वाचली की अंगावर काटा येतो: अजेकाचा जाळ विझला, आता लाखीशची पाळी. पण खापरावर एवढंच लिहिलं आहे की अजेका दिसत नाही. धुकं असेल, मध्ये टेकडी असेल, चौकीच अशा जागी असेल की तिथून ते दिसतच नसेल. कथा आपण जोडतो. ती खरी असू शकेल, पण खापर तसं म्हणत नाही.

तिसऱ्या खापरावरचा मजकूर मला जास्त जवळचा वाटतो. वरिष्ठाने या माणसाला कळवलं असावं की तुला पत्र वाचता येत नाही, कुणाकडून वाचून घे. तो दुखावला आहे. देवाची शपथ घेऊन तो कळवतो की आजवर मला कुणी पत्र वाचून दाखवलेलं नाही, आलेलं प्रत्येक पत्र मी स्वतः वाचतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका साध्या अंमलदाराचा हा स्वाभिमान एका फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर टिकून राहिला. आणखी एक बारकावा: यातली पाच खापरं एकाच भांड्याची आहेत. वेगवेगळ्या वेळी बाहेरून आलेली पत्रं एकाच भांड्याच्या तुकड्यांवर कशी? काहींच्या मते ती लाखीशलाच लिहिलेल्या पत्रांचे कच्चे मसुदे असावेत. काही म्हणतात, पाठवणाऱ्याच्या चौकीत एकच फुटकं भांडं पडलेलं असेल. खापराच्या मातीवरून आणि कडा जुळवून प्रश्न इथपर्यंत येतो आणि इथे थांबतो.

ही पत्रं वरून दुसऱ्या थरातली. तो थरही जळालेला आहे आणि त्याच्या तारखेबद्दल वाद नव्हता: बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने जेरुसलेम पाडलं तेव्हाचा, इ.स.पू. 587 किंवा 586. वाद त्याच्या खालच्या, तिसऱ्या थराचा.

स्टार्कींचा तर्क असा होता. दोन्ही थरांतली भांडी बरीच सारखी दिसतात. म्हणजे मध्ये फार वर्षं गेलेली नाहीत. नबुखद्नेस्सरने इ.स.पू. 597 मध्येही यहूदावर स्वारी केली होती. तेव्हाच तिसरा थर जळाला असावा. दहा वर्षांत नगर पुन्हा उभं राहिलं आणि पुन्हा जळालं. तर्क सरळ होता, पण तो तपासून पाहायला स्टार्की राहिले नाहीत. जानेवारी 1938 मध्ये, पॅलेस्टाइनमधल्या अरब उठावाच्या दिवसांत, जेरुसलेमच्या वाटेवर हल्लेखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या.

खणतीचे खोके, वह्या आणि हजारो खापरं ओल्गा टफनेल यांच्या हाती आली. त्या पहिल्या हंगामापासून तिथे होत्या. पुढची जवळपास 20 वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी खणलेलं नीट लावण्यात घालवली. लोखंडयुगाचा खंड 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आपल्या दिवंगत प्रमुखाचं मत खोडून काढलं. दोन थरांतली भांडी वरवर सारखी, पण बारकाईने लावली तर वेगळी ओळखू येतात, आणि मधल्या काळात झालेली बांधकामं दहा वर्षांत बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग तिसरा थर जळाला तो अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वारीत, इ.स.पू. 701 मध्ये. केन्यन यांना हे पटलं नाही. शोमरोन हे नगर इ.स.पू. 720 च्या सुमारास पडलं. तिथली भांडी लाखीशच्या तिसऱ्या थराशी जुळत नाहीत, त्यामुळे दोहोंत बरंच अंतर हवं, असा त्यांचा मुद्दा. शोमरोन वेगळ्या राज्यातलं, वेगळ्या कुंभारांचं. शेजारच्या राज्याची मोजपट्टी लावली की असं होतं. पण केन्यन यांचा शब्द मोठा होता, आणि कितीतरी वर्षं बहुतेक लोक 597 वरच राहिले.

हा वाद फक्त लाखीशचा नव्हता, हे इथे सांगायला हवं. तिसऱ्या थरात हजारो भांडी जागच्या जागी सापडली होती. त्या थराची तारीख म्हणजे यहूदातल्या सगळ्या टेकाडांच्या खापरांची तारीख. ती 104 वर्षांनी सरकली की कुठलं गाव कधी वसलं, कुठला तट कुणी बांधला, सगळंच सरकतं.

1973 मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या डेव्हिड उसिश्किन यांनी पुन्हा खणायला घेतलं. त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे, कारण त्यात चमत्कार काही नाही, सगळी मोजदाद आहे. त्यांनी वेस आणि राजवाडा यांच्या भागात थरांचा क्रम पुन्हा, सावकाश लावला. वरून दुसरा थर: जळालेला, 587-86. तिसरा: जळालेला. चौथा: आगीने संपलेला नाही. पाचव्याचा शेवटही तिसऱ्यासारखा नाही. त्याखालचा जळका थर थेट कांस्ययुगाच्या अखेरीचा, इ.स.पू. बाराव्या शतकातला. आता सन्हेरीबने इ.स.पू. 701 मध्ये लाखीश जिंकून उद्ध्वस्त केलं हे स्वतंत्र पुराव्यावरून पक्कं आहे. त्या विध्वंसाची राख टेकाडात कुठेतरी असलीच पाहिजे. तिसरा थर सोडला तर तिला दुसरी जागाच नाही. 1980 च्या दशकापर्यंत बहुतेक सर्वांनी हे मान्य केलं. टफनेल यांचा निष्कर्ष बरोबर ठरला तेव्हा त्या हयात होत्या. 1985 मध्ये त्या वारल्या.

इथे एक शंका घेतली पाहिजे. लेखी इतिहासावरून थराची तारीख ठरवायची आणि मग थरावरून लेखी इतिहास खरा म्हणायचा, हे गोल गोल फिरणं नव्हे का? उसिश्किन यांच्या कामात ते तसं झालं नाही, कारण थरांचा क्रम आणि कुठला जळाला, कुठला नाही, हे फक्त मातीवरून ठरलं होतं. मजकूर शेवटच्या पायरीवर आला. जिथे हा क्रम उलटतो, म्हणजे बायबलमधला एखादा राजा डोक्यात ठेवून भिंती शोधल्या जातात, तिथे या विषयाने बऱ्याचदा मार खाल्ला आहे.

आणि 701 हे वर्ष तरी कुणी सांगितलं? अश्शूरचे लोक प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत. आपल्या संवत्सरांना नावं असतात तशी, पण ही नावं चक्राने परत येत नाहीत. त्या नावांच्या याद्या मातीच्या पाट्यांवर मिळाल्या आहेत. एका वर्षापुढे सूर्यग्रहणाची नोंद आहे. खगोलगणिताने ते ग्रहण इ.स.पू. 763 च्या 15 जूनचं ठरतं. तिथून एकेक नाव मोजत खाली यायचं. आकाशातली एक सावली धरून एका साम्राज्याची सगळी वर्षं जागेवर बसतात.

सन्हेरीबचा स्वतःचा अहवालही आहे, सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर कोरलेला. यहूदाची 46 तटबंदीची नगरं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली, राजा हिज्कीया याला जेरुसलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं तो सांगतो. खंडणी म्हणून 30 किक्कार (हे त्या काळचं वजनाचं माप) सोनं आणि 800 किक्कार चांदी. बायबलमध्ये सोनं तेवढंच, चांदी मात्र 300. जेरुसलेम घेतलं असं मात्र तो कुठे म्हणत नाही. माणसांचा आकडा तर फुगवलेलाच असणार, पण काय सांगितलं नाही याकडेही लक्ष द्यायचं असतं. या स्तंभावर लाखीशचं नावच नाही.

लाखीश आहे ते निनवेच्या राजवाड्याच्या भिंतीवर. ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सन्हेरीबचा राजवाडा सापडला. त्यातल्या एका दालनाच्या चारी भिंतींवर लाखीशचा वेढा कोरलेला होता. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. उतरणीवरून वर चढणारे वेढ्याचे गाडे, तटावरून खाली फेकलेले पेटते पलिते, गाडा पेटू नये म्हणून आतून लांब दांड्याच्या पळीने पाणी ओतणारा सैनिक. वेशीतून बाहेर पडणारी कुटुंबं; बैलगाडीत बोचकी, बोचक्यांवर बायका आणि पोरं. एका बाजूला जिवंत सोलले जाणारे पुरुष. उजवीकडे सिंहासनावर राजा, आणि त्याच्याजवळ कोरलेल्या ओळी सांगतात की लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. राजाचा चेहरा मात्र कुणीतरी मुद्दाम फोडलेला आहे, बहुधा इ.स.पू. 612 मध्ये निनवे पडलं तेव्हा. जेरुसलेम हाती न लागलेल्या राजाने जिंकलेल्या दुसऱ्या मोठ्या नगराचं चित्र इतक्या थाटात लावावं, हे समजण्यासारखं आहे.

चित्र म्हणजे साक्ष, पण दरबारी साक्ष. ती जमिनीवर पडताळावी लागते. टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दगडांचा प्रचंड ढीग होता. 1932 मध्ये स्टार्कींना वाटलं की हा कोसळलेल्या तटाचा मलबा, आणि त्यांनी त्यातले पुष्कळ दगड हलवले. चाळीस वर्षांनी पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन आणि उसिश्किन यांच्या लक्षात आलं की ही अश्शूरी फौजेने तटापर्यंत चढण्यासाठी रचलेली उतरण आहे; त्या प्रकारची प्राचीन पश्चिम आशियातली सापडलेली सर्वात जुनी. उसिश्किन यांच्या अंदाजाने तिच्यात 13,000 ते 19,000 टन दगड होते. तटाच्या आत, बरोबर तिच्यासमोर, नगरवासीयांनी उलट बाजूने रचलेला दुसरा ढीगही निघाला: बाहेरून शत्रू चढतो तसे हे आतून उंची वाढवत होते. तिथेच शेकडो लोखंडी बाणाग्रं, गोफणीचे गोल दगड, लोखंडी साखळीचा तुकडा, आणि भोकं पाडलेले मोठे धोंडे, काहींच्या भोकात जळक्या दोरीचे अवशेष. ते दोरीने तटावरून खाली सोडून गाड्यांवर आपटत असावेत. योसेफ गार्फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हिशेब मांडला: साधारण साडेसहा किलोचे सुमारे 30 लाख दगड, माणसांच्या साखळ्या करून काम सुमारे 25 दिवसांचं. आकडे अंदाजाचे आहेत. पण साडेसहा किलोचा धोंडा हातात घेऊन पाहावा, म्हणजे तो दिवस कसा गेला असेल ते कळतं. ते हात बहुधा कैद्यांचेच असावेत.

थराची तारीख पक्की झाल्याचा पहिला फायदा रांजणांच्या कानांना झाला. यहूदाभर एका घडणीचे मोठे रांजण मिळतात, 40 ते 50 लिटरचे, आणि त्यांच्या कानांवर शिक्का असतो: ‘राजाचे’, सोबत चार गावांपैकी एकाचं नाव आणि पंखांचं चिन्ह. असे कान एकट्या लाखीशमध्ये 400 हून अधिक मिळाले. तिसऱ्या थरात ते 701 च्या राखेखाली चेपलेले सापडले, म्हणजे रांजण हिज्कीयाच्या काळातले, सन्हेरीब येण्याआधी वापरात असलेले. चार गावं म्हणजे चार ठिकाणचे कुंभार, असं वाटेल. मातीतली सूक्ष्म मूलद्रव्यं अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून मोजली तेव्हा कळलं की माती सगळ्यांची एकाच पट्ट्यातली. रांजण एकीकडे घडले, गावांची नावं दुसऱ्या कारणाने; बहुधा वसुली किंवा वाटप.

वाचक विचारतील, एवढं करण्यापेक्षा कार्बन-14 का नाही? लाकूड न घेता जैतुनाच्या बिया घ्याव्यात हे खरं, कारण तुळई जळाली तेव्हाच दोनशे वर्षांची असू शकते आणि बी त्याच वर्षाची. पण इ.स.पू. 800 ते 400 या चार शतकांत कार्बनची मोजपट्टीच सपाट आहे. हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण असं बदलत गेलं की 750 ची बी आणि 450 ची बी जवळपास एकच उत्तर देतात. नेमकी हीच शतकं यहूदाच्या राज्याची. त्यामुळे 701 की 597 हा प्रश्न कार्बनने सुटण्यासारखा नव्हता. तो खापरांनी आणि छेदांनी सुटला.

आता गोष्ट उलटी फिरली आहे. भांडं भाजून थंड होतं तेव्हा मातीतले लोहकण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता धरून ठेवतात. 2017 मध्ये यहूदातल्या 67 शिक्क्याच्या कानांवर हे मोजलं गेलं. शिक्क्यांचे काळ आधीच माहीत होते, म्हणून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदम चढलं आणि नंतर तीसेक वर्षांत चतुर्थांशाहून अधिक उतरलं, हे कळू शकलं. 2022 मध्ये 17 ठिकाणच्या 21 जळक्या थरांचं असंच मोजमाप प्रसिद्ध झालं. आता ज्या टेकाडाची तारीख माहीत नाही त्याची जळकी वीट या मोजपट्टीवर ठेवता येते. रांजणाचा कान जपून ठेवणाऱ्या कुणालाही ही कल्पना नव्हती.

जपून ठेवण्याचं आणखी एक उदाहरण. 2016 मध्ये लाखीशला एक हस्तिदंती फणी मिळाली, साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरची, आगपेटीहून लहान. एका बाजूला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. जाड दातांनी गुंता सोडवायचा, बारकांनी उवा-लिखा काढायच्या. आपल्या आज्यांच्या लाकडी फणीचीच ही बहीण. धुतली, नोंदली, ठेवली. 2021 च्या अखेरीस ती पुन्हा पाहताना तिच्यावर काहीतरी खरडल्यासारखं दिसलं: कनानी लिपीतली 17 अक्षरं. अर्थ असा की या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत. ही लेखनशैली सुमारे इ.स.पू. 1700 ची मानतात, आणि कनानी अक्षरलिपीतलं पूर्ण वाक्य म्हणून ओळखलं गेलेलं हे सर्वात जुनं. सूक्ष्मदर्शकाखाली दातांत उवेचे अवशेषही दिसले. अराद या दुसऱ्या एका टेकाडावरच्या खापराचंही असंच झालं: 1965 मध्ये सापडलेल्या त्या खापराच्या पाठीवर 50 वर्षं कोरी वाटणारी जागा होती, वेगवेगळ्या प्रकाशात फोटो घेतल्यावर तिथे वाइनची मागणी करणाऱ्या ओळी उमटल्या.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2023 च्या मार्चमध्ये लाखीशला फिरायला गेलेल्या माणसाला जमिनीवर सापडलेलं, दारयावेश राजाचं नाव असलेलं एक खापर जाहीर झालं. दोनच दिवसांत उलगडलं की आदल्या उन्हाळ्यात एका तज्ज्ञाने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्या जागी मिळालेल्या एका जुन्या खापरावर ती अक्षरं कोरली होती आणि ते तिथेच टाकलं होतं. खापर जुनं होतं, तपासणीत काही खोट दिसली नव्हती. पण ते कुठल्याच थरातून आलेलं नव्हतं. त्याला ना बादली होती, ना चिठ्ठी.

टफनेल यांना खोक्यांतून 701 काढता आलं, कारण चिठ्ठ्या जागेवर होत्या. उतरण ओळखता आली, कारण स्टार्कींनी हलवलेल्या दगडांपलीकडे तिचा पुष्कळ भाग शिल्लक होता. तिथे खणणारे लोक आज ठरवून जमीन राखून ठेवतात, पुढे येणाऱ्या हत्यारांसाठी आणि डोळ्यांसाठी. अनेक मोहिमा होऊनही लाखीशच्या माथ्यावरच्या 18 एकरांपैकी बहुतेक जमीन अजून कुणी खणलेली नाही.